गाडी जाऊ दे

आमच्या घरात बोलणं मधेच थांबतं. कोणी काही सांगत असतं, वाक्य अर्ध्यावर आलेलं असतं, आणि सगळे एकदम गप्प होतात. घरामागून रूळ जातात. आधी खिडकीचं तावदान हलू लागतं, मग घडवंचीवर पालथा ठेवलेला पेला बारीक वाजतो, आणि मग गाडीचा आवाज घरभर भरतो. प्रवासी गाडी असेल तर ती लवकर निघून जाते. मालगाडीला चांगला मिनिटभर लागतो. तेवढ्यात ही परातीतलं पीठ मळत राहते, धाकटी सून गॅस बारीक करते, मी हातातला पेपर मांडीवर ठेवतो. शेवटचा डबा गेला की वाक्य जिथं ठेवलं होतं तिथून पुढे सुरू होतं. 'गाडी जाऊ दे, मंग सांगजो' हे मी मायच्या तोंडून ऐकत मोठा झालो. आता ही म्हणते, सून म्हणते. सून दिग्रसकडची, तिच्या गावात रेल्वे नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा गाडीच्या वर आवाज चढवून बोलायची. वर्षभरात तीही थांबायला लागली. तिला तसं कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

थोरला मुलगा पुण्यात असतो. त्याचा मुलगा पाचेक वर्षांचा असताना उन्हाळ्यात आला होता. आम्ही जेवत होतो. तो शाळेतल्या बाईंनी सांगितलेली कुठल्याशा सशाची गोष्ट सांगत होता, आणि कोळशाची गाडी आली. आम्ही सगळे थांबलो. तो बोलतच राहिला. ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही कानावर येत नव्हता. गाडी गेली तोवर त्याची गोष्ट संपलेली होती. आमच्याकडे आळीपाळीनं पाहत तो म्हणाला, "आबाजी, तुम्ही सगळे स्टॅच्यू का झालात?" मग त्याला सगळी गोष्ट पुन्हा सांगायला लावली. दुसऱ्यांदा सांगताना त्या सशाला एक भाऊही झाला होता, आणि ससा आता आमच्या चांदूरला राहत होता.

त्या सुटीत त्यानं डबे मोजायचं वेड घेतलं. मागच्या दारात पायरीवर बसायचं आणि इंजिन दिसलं की बोटं चालू. चंद्रपूरकडचा कोळसा घेऊन येणाऱ्या गाडीला अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी असतात. एखादी मोजायची राहिली की तो मला विचारायचा, मला माहीत नसायचं, मग दोघंही पुढच्या गाडीची वाट बघायचो. पुण्याला परत गेल्यावर श्रावणातल्या एका रविवारी फोनच्या पडद्यावर त्याच्याशी बोलत होतो. इकडे गाडी आली. तिकडे नवव्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत तिचा किती आवाज पोचला असेल कोण जाणे, पण तो तोंडावर बोट ठेवून बसला. हातानंच विचारलं, गेली का? मी मान हलवली तेव्हा पुढचं बोलला. माझं नाक त्याला आलं आहे असं सगळे म्हणतात. मला त्या नाकापेक्षा हे थांबणं जास्त आपलं वाटलं.

ही गाडी आमच्यासाठी आलेली नाही, असं माझा आजा सांगायचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून निघून वऱ्हाडातून नागपूरला पोचली १८६७ मध्ये. त्याआधी १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या मातीवर पक्की बसली. बडनेऱ्याहून अमरावतीला, जलंबहून खामगावला फाटे काढले तेही कापसाच्या बाजारांसाठी. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. ज्याला बाजार होता ते चांदूर बाजार झालं, ज्याला स्टेशन मिळालं ते आमचं. आज्याला यातल्या तारखा ठाऊक नव्हत्या. बंडीत कापूस भरून जिनात न्यायचा, मोजून घ्यायचा आणि गाठी रेल्वेत चढताना पाहून परत यायचा, एवढा त्याचा इतिहास. पण सांगायचा ते खरं होतं.

त्याच्यासोबत बंडीत बसून मी अनेकदा स्टेशनाकडे गेलोय. वाटेत फाटक लागायचं. बाकीचे बंडीवाले फाटकवाल्याच्या नावानं ओरडायचे, आजा उतरून बैलांच्या मानेवरच्या दोऱ्या सैल करायचा. "बैलाले दम घेऊ दे," म्हणायचा, आणि धोतराच्या सोग्यातून गूळ-शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवायचा. फाटक उघडलं तरी तो घाई करायचा नाही. पुढच्या बंड्या जाऊ द्यायचा. मला तेव्हा वाटायचं, फाटक बंद असणं ही शेंगदाण्यांसाठीच केलेली सोय आहे. घरी आलो की बाप विचारायचा, एवढा उशीर काहून? आजा सांगायचा, फाटक लागलं होतं. बापाला वावरातली शंभर कामं दिसत असायची आणि त्याचंही चुकत नव्हतं. घरात एकाला कामं दिसावी लागतात. आजा झालेल्या माणसाला मात्र फाटक परवडतं.

आधी कापूस गेला, मग पोरं गेली. थोरला इंजिनिअर होऊन गेला तेव्हा मीच त्याची वळकटी गाडीत चढवली होती. मला त्यात दुःख वाटलं नाही, आजही वाटत नाही. कोरडवाहू जमिनीवर दोन संसार उभे राहत नाहीत हे मला त्याच्याआधी कळलं होतं. लेक अकोल्याला दिली. धाकटा इथंच आहे, वावर पाहतो. कपाशीची जागा बरीचशी सोयाबीननं घेतली आहे, तुरीचं तास मात्र अजून मधे असतं. म्हणजे एक घर तीन गावांत राहतं, आणि मी त्या तिन्ही घरांचा आबाजी आहे. अकोल्याला जायला मला अडचण नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आहे, मी आधार कार्ड खिशात घालून निघतो. पुण्याचा प्रवास महागला. रेल्वेत ज्येष्ठांना जी सवलत होती ती २०२० च्या मार्चमध्ये थांबली, ती पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. नातवंडांकडे जाणारी म्हातारी माणसं हा रेल्वेचा तोटा नव्हे.

पुण्याला गेलो तेव्हाची एक गोष्ट मनातून जात नाही. नातू शाळेतून येतो तेव्हा त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात घराची किल्ली असते. आई-बाप दोघंही कामावर. तो कुलूप उघडतो, बूट काढतो, डबा धुवायला टाकतो, आणि आईला 'पोचलो' असं कळवतो. लेकरू गुणी आहे, सून-मुलगा जिवापाड करतात. आम्ही तिथं होतो तेव्हा पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं किल्ली काढली, तोच दार आतून उघडलं. दारात मी उभा. तो हसला, किल्ली पुन्हा कप्प्यात ठेवली, आणि चेन लावली. आम्ही राहिलो तितके दिवस ती चेन उघडली नाही. मग एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "आबाजी, तुम्ही चांदूरला दिवसभर काय करता?"

मी त्याला खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. सकाळी उठून अंगण पाहतो. नळ आला की ड्रम भरतो. धाकट्याच्या मुलीची शाळेची ऑटो येईपर्यंत तिच्यासोबत घराच्या फाटकात उभा राहतो, परत यायच्या वेळी पुन्हा उभा राहतो. दुपारी ताक आणि कण्या खाऊन बाजेवर आडवा होतो. कोणी आलं तर पाणी देतो. शेजारच्यांचं पार्सल घेऊन ठेवतो. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही घरी असता." हो, मी घरी असतो. आमच्या चांदूरच्या घराला कुलूप आहे, पण त्याची किल्ली नेमकी कुठं आहे हे हिलाच माहीत असेल. वर्षानुवर्षं ते लागलेलं नाही. वावरातून धाकटा येवो, शाळेतून नात येवो, लेक न कळवता अकोल्याहून येवो, दार ढकललं की उघडतं आणि ओसरीवर कोणीतरी विचारतं, जेवलीस का? म्हातारपणाचं हे काम कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं, आणि अंगात आहे तोवर मी ते करणार आहे.

घरात सगळं गोडच असतं असं नाही. माझ्या बापाची आणि काकाची वाटणी व्हायची होती तेव्हा ओसरीवर बैठक बसली होती. विहीर कोणाच्या वाट्याला, यावरून शब्द वाढत गेले. काकानं असं काही म्हणायला तोंड उघडलं की जे एकदा बोललं गेलं असतं तर दोन घरांचं येणं-जाणं तुटलं असतं. ते काय असणार हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं होतं. तेवढ्यात मालगाडी आली. दोघं भाऊ समोरासमोर बसून राहिले, एक जमिनीकडे बघत, एक आढ्याकडे. गाडी लांबच लांब होती. ती गेल्यावर कोणीच बोलेना. आतून माय म्हणाली, "चहा आणते." वाटणी झालीच, पुढच्या उन्हाळ्यात झाली, विहीर सामाईक राहिली. काकाचं ते वाक्य मात्र कोणी कधी ऐकलं नाही. त्यानंतर मी अनेक घरांमधली भांडणं पाहिली, पंच म्हणून बसलो. ज्या घरामागून रूळ जात नाहीत, त्यांना ती गाडी स्वतःच आणावी लागते. काही बायांना आणि काही म्हाताऱ्यांना ते येतं. नेमक्या वेळी पाणी मागतात, नेमक्या वेळी लेकराला मांडीवर घेतात.

आमच्या भागात एक दिवस तर हजारो माणसं मिळून थांबतात. आश्विन वद्य पंचमीला मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी; त्याच मिनिटाला सगळा समुदाय मौन पाळतो. लहानपणी मी महाराजांचं खंजिरीभजन आज्याच्या खांद्यावर बसून ऐकलं आहे. समोरचं काही दिसत नव्हतं अशी गर्दी, आणि तो खंजिरीचा ठेका. ते गेले त्या वर्षी मी ऐन तरुण होतो. परवाच्या एका पुण्यतिथीला धाकट्याच्या मुलीला सोबत नेलं. तिनं तोवर माणसांची गर्दी पाहिली होती ती यात्रेची, लग्नाची, सावंगा विठोबाला पाडव्याच्या दिवशी कापूर जळतो तेव्हाची, म्हणजे आवाजाची. इथं मैदान भरून माणसं आणि एकाएकी कोणीच बोलत नाही. कुठंतरी तान्हं बाळ रडलं, तेवढंच. तिनं माझं बोट घट्ट धरलं. कानाशी तोंड आणून विचारलं, "आबाजी, कोणती गाडी चालली?"

मला तिला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही, कारण मौन चालू होतं. घरी परतताना दिलं. म्हटलं, आपण जसे गाडीसाठी थांबतो तसे हे सगळे एका माणसासाठी थांबले होते. तिनं विचारलं, "तुमच्या आज्यासाठी कोण थांबते?" मी म्हटलं, मी थांबतो. तिला ते पुरेसं वाटलं असावं; ती झोपून गेली.

बैलासाठीही आमच्याकडे थांबायची रीत आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी: त्याचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे, पळसाच्या पानानं शेकायचे, उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतण द्यायचं. श्रावणातल्या अमावस्येला त्याच्या खांद्यावर जू चढत नाही. अंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, तोरणाखाली उभं करून झडत्या, आणि घरी आला की पुरणपोळी. वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस मालकानं हात जोडायचे, यापेक्षा चांगली शिकवण मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. आमच्या कोठ्यात मात्र आता बैल नाहीत. नांगरणी, पेरणी ट्रॅक्टरनं होते. शेवटची जोडी विकली त्या दिवशी धाकट्यानं जेवण केलं नव्हतं.

उरला आहे तो लाकडी बैल. थोरल्यासाठी गावातल्या सुताराकडून सागवानाचा करून घेतला होता, चार चाकांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, १८०६ पासून ही चाल पडली असं सांगतात. लेकरं आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, घरोघर फिरवतात आणि बोजारा गोळा करतात. आमच्या बैलाचं एक चाक बदललेलं आहे, डोळे दर दोन-चार वर्षांनी नव्यानं काढावे लागतात. थोरल्यानं ओढला, धाकट्यानं ओढला, लेकीनं भांडून ओढला. पुण्याचा नातू एका वर्षी नेमका पोळ्याला इथं होता. तान्ह्या पोळ्याचा बोजारा मोजून झाल्यावर त्यानं विचारलं, "खरा बैल एवढाच असतो का?"

मी त्याला घेऊन शेजाऱ्याच्या कोठ्यात गेलो. पोळ्याचा रंग अजून शिंगांवर होता. नातू आधी माझ्या मागं, मग बाजूला, मग हळूहळू पुढं. त्याचा हात धरून बैलाच्या पाठीवर ठेवला. माशी उडवायला बैलानं कातडी थरथरवली तसा त्यानं हात काढून घेतला. मग स्वतःहून पुन्हा ठेवला. बराच वेळ ठेवला. "गरम आहे," म्हणाला. आमच्या पिढीनं खरा बैल आधी पाहिला आणि लाकडी बैल पाहून आम्ही हसलो, केवढा लहान म्हणून. याच्या वाट्याला उलटा क्रम आला. मला त्याची खंत करत बसायचं नाही. कोणत्याही दारानं आला तरी तो त्या कोठ्यापर्यंत पोचला, आणि गरम कातडीवर हात ठेवून उभा राहिला. तो हात तिथं ठेवायला कोणीतरी सोबत असावं लागतं, एवढंच.

धाकट्याच्या मुलीनं तर पुढच्या वर्षी वेगळंच केलं. खांदशेकणीच्या संध्याकाळी वाटीत हळद-लोणी घेऊन लाकडी बैलापुढे बसली आणि त्याचे खांदे चोळू लागली. मूळचा पांढरा रंग पिवळा झाला. पोळ्याच्या दिवशी तिनं कोणाला त्याच्या गळ्यात दोरी बांधू दिली नाही. आज त्याची सुट्टी आहे म्हणाली. तिनं कोठ्यात बैल पाहिलेले नाहीत, खांदशेकणी कोणी तिला समजावून सांगितलेली नाही. सून म्हणाली, "मामाजी, तुमीच सांगतलं असन." मी नव्हतं सांगितलं. ही म्हणाली, मीही नाही. कुठून आलं असेल ते आलं. घरात बोलता बोलता जे सांडत असतं ते लेकरं वेचतात, आणि आपण मुद्दाम पुढ्यात ठेवलेलं तसंच राहतं. माझ्या उपदेशातली एकही गोष्ट तिला आठवत नाही; मी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी पुढे करतो तसा मात्र ती करते.

म्हणून या घराबाहेर असलेल्या आमच्या सगळ्या लेकी-लेकांना, आणि त्यांच्यासारख्या ज्यांची मुलं शहरात वाढताहेत त्या सर्वांना माझी एक मागणी आहे. उन्हाळ्यात या, दिवाळीत या, ते आहेच. पण यंदा श्रावणातली अमावस्या आताच कॅलेंडरात पाहून ठेवा. तिच्या आदल्या संध्याकाळपासून तान्ह्या पोळ्यापर्यंत लेकरांना शाळेतून मागून घ्या आणि गावाला आणा. आमच्याकडे येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरलं तरी चालेल, घ्यायला धाकटा येईल. लाकडी बैलाला रंग द्यायचा बाकी आहे. तो आम्ही तोवर देऊन ठेवतो.